शिबिरात हात वर न केलेल्या मैत्रिणीस

प्रिय ताई,

मी घणसोलीला राहते. वय 42, दोन मुलं, ठाण्यात एका ऑफिसात अकाउंट्स बघते. गेली दोनेक वर्षं पाळीत अंगावरून खूप जातं. आठ-नऊ दिवस चालतं. पहिले तीन दिवस दोन-दोन पॅड लावून लोकलला चढते, रात्री गादीवर मेणकापड घालते. ऑफिसात सगळे उठून गेले की मग मी खुर्चीवरून उठते. हल्ली ठाण्याला पूल चढतानाही धाप लागते.

नवरात्रात आमच्या सोसायटीत महिला आरोग्य शिबिर झालं. बोटातून रक्त घेतलं, हिमोग्लोबिन 7.8 निघालं, लोहाच्या गोळ्या दिल्या. मग डॉक्टरबाईंनी गर्भाशयातल्या गाठींबद्दल, म्हणजे फायब्रॉइडबद्दल सांगितलं आणि म्हणाल्या, 'असा त्रास कोणाला आहे, हात वर करा.' सगळी लक्षणं माझीच होती, पण शेजारी सासूबाई बसल्या होत्या. मी हात वर केला नाही. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, 'चाळिशीत जातंच असं. आमच्या वेळी कोण शिबिरं घेत होतं?'

माझ्या आईची पिशवी गाठींमुळेच काढली होती. तपासणीची भीती नाही, पण तपासलं की पिशवी काढायला लावतील, याची आहे. नवऱ्याला काही बोललेली नाही. आता मार्गशीर्षातले गुरुवार येतील. गणपतीत घेतली तशी पाळी पुढे ढकलायची गोळी घेऊ का?

— घणसोलीची एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

आधी गोळीचं सांगते: घेऊ नकोस. मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देतो म्हणून ती साधी होत नाही. ते हार्मोनचं औषध आहे आणि थांबवलं की पाळी येतेच. गणपतीनंतर कशी गेली होती ते आठवून बघ. व्रत पुढच्या वर्षीही करता येईल, आणि देवीला तुझ्या पाळीचा त्रास होत असेल असं मला तरी वाटत नाही.

आता त्या 7.8 बद्दल. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या वर असावं लागतं आणि 8 च्या खाली गेलं की डॉक्टर त्याला तीव्र रक्तक्षय म्हणतात. पूल चढताना लागणारी धाप वयाची नाही, याची आहे. तू दोन वर्षं हे अंगावर काढलंस आणि शिबिरातून आल्यावरही गोळ्यांवर भागवते आहेस. लोहाच्या गोळ्या घ्यायच्याच, लिंबूपाण्याबरोबर घे, तासभर आधी-नंतर चहा नको. पण दर महिन्याला एवढं रक्त बाहेर जात असेल, तर गळक्या टाकीत वरून बादल्या ओतल्यासारखं होतं. आपल्या बहुतेक शिबिरांत हेच राहून जातं. बोट टोचलं, आकडा लिहिला, गोळ्यांची पाकिटं हातात दिली. 'पाळी किती दिवस चालते, पॅड किती वेळात बदलावं लागतं?' हे विचारलंच जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. त्यातल्या कितीजणींना हा प्रश्न कोणी विचारला असेल?

तुमच्या डॉक्टरबाईंनी निदान गाठींचा विषय काढला, त्याचं मला कौतुक आहे. पण सोसायटीच्या हॉलमध्ये, सासवा-सुना शेजारी बसलेल्या असताना हात वर करायला सांगायचं? तिथे तू हात वर केला नाहीस, यात तुझं काही चुकलं नाही.

अशा मोहिमा हल्ली बऱ्याच होतात. 26 सप्टेंबर 2022 ला, नवरात्रातच, राज्यात 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' सुरू झालं. 17 सप्टेंबर 2025 पासून देशभर 'स्वस्थ नारी, सशक्त परिवार' झालं. घराचं आणि परिवाराचं नाव घेतल्याशिवाय आपल्याकडे बाईला तपासणीच्या रांगेत उभं करता येत नाही, हे आपलं दुर्दैव. पण या शिबिरांचा खरा फायदा आकड्यांपेक्षा वेगळा आहे. तू दोन वर्षं जे 'आपलं असंच' म्हणून सोसलंस, ते कोणीतरी माइकवरून मोजून दाखवलं. पाळी सात दिवसांच्या वर चालणं, तास-दोन तासांत पॅड भरणं, दहाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या रक्ताच्या गाठी पडणं, रात्री पॅड बदलायला उठावं लागणं. यातलं एखादंही दर महिन्याला होत असेल तर दाखवायला हवं. सासूबाईंना कोणी हे माप सांगितलंच नव्हतं. त्या मुद्दाम तुला अडवत नाहीत, त्यांनी स्वतः जे सोसलं तेच सांगतायत.

आता तुझी खरी भीती. तिला मी हसणार नाही, कारण ती हवेतून आलेली नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती सर्रास काढल्या गेल्या, हे 2019 मध्ये सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा, असं राज्यांना सांगितलं. म्हणून शिबिरानंतर कोणी 'लगेच या, पिशवी काढून टाकू, पॅकेज आहे' म्हणालं, तर तू फाईल उचलून दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं. पण त्या भीतीपायी तपासणीच न करणं म्हणजे आपणच आपल्याला कोपऱ्यात ढकलणं. लवकर गेलं तर औषधांचा पर्याय हातात असतो. हिमोग्लोबिन 5 वर आल्यावर स्ट्रेचरवरून गेलं की पर्याय कमी होतात आणि निर्णय घाईत घ्यावा लागतो. तुझ्या आईची पिशवी निघाली म्हणून तुझी निघेलच असं नाही. हो, आईला गाठी असतील तर मुलीला होण्याची शक्यता वाढते, म्हणून डॉक्टरांना हे आठवणीनं सांग.

गाठी आहेत की नाहीत, हे अजून आपल्याला ठाऊकही नाही. थायरॉइडमुळेही असं होतं, इतर कारणंही असतात. असल्याच, तर त्या फार सामान्य आहेत, पन्नाशीपर्यंत बहुसंख्य बायकांच्या गर्भाशयात लहान-मोठ्या असतात आणि अनेकींना पत्ताही नसतो. कॅन्सरच्या त्या क्वचितच निघतात. पाळी गेल्यावर बहुधा आक्रसतात. त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात. रिपोर्ट हातात आला की गाठ किती सेंटिमीटरची याच्याकडे सगळे बघतात. तू विचार, ती आहे कुठे? आतल्या पोकळीत डोकावणारी दोन सेंटिमीटरची गाठ बाहेरच्या अंगाच्या सात सेंटिमीटरच्या गाठीपेक्षा जास्त रक्त काढू शकते. जास्त जाणाऱ्या दिवसांत घ्यायच्या रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉइल आहे, दुर्बिणीतून नुसती गाठ काढता येते, गाठीला रक्त पुरवणारी नस बंद करायचा उपाय आहे. पिशवी काढणं हाही उपाय आहे, काहीजणींसाठी तोच बरोबर असतो. ती वेळ आलीच तर 'बीजकोश ठेवणार ना?' हे शस्त्रक्रियेआधी विचारायचं. मी डॉक्टर नाही, तुझ्यासाठी यातलं काय ते तपासल्यावर ठरेल.

पुढच्या पाळीची वाट बघू नकोस, या आठवड्यात जा. तुला वाशीचं महापालिकेचं रुग्णालय जवळ, ऐरोलीचं राजमाता जिजाऊही लांब नाही. सकाळच्या ओपीडीला केसपेपर काढायचा. ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ असतील तर त्यांच्याकडे जा. मोबाइलमध्ये लिहून ने: किती दिवस जातं, दिवसाला किती पॅड, रक्ताच्या गाठी पडतात का, शिबिरातला आकडा, आईचा इतिहास, गणपतीतली गोळी. आत गेल्यावर आपण 'जरा जास्त जातं' एवढंच म्हणतो आणि डॉक्टरही मान डोलावतात. पुन्हा सीबीसी, म्हणजे रक्ताची तपासणी होईल, फेरिटिन (अंगात साठलेलं लोह) आणि थायरॉइडही सांगतील, पोटाची सोनोग्राफी होईल. त्याला लघवी भरलेली लागते, पाण्याची बाटली ने. हिमोग्लोबिन एवढं कमी असताना शिरेतून लोह द्यावं लागेल का, हे विचारून घे. मधल्या काळात तासाला एक पॅड असं दोन तासांहून जास्त चाललं किंवा चक्कर येऊ लागली, तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत जायचं. पुढे ऑपरेशन ठरलंच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत, म्हणजे राज्याच्या मोफत उपचारांच्या योजनेत काय बसतं ते आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला विचार, रेशनकार्ड बरोबर ठेव.

नवऱ्याला आज रात्री सांग. 'मला बरं वाटत नाही' म्हणशील तर तो झोप म्हणेल. आकडे सांग: आठ दिवस, दोन-दोन पॅड, 7.8. मेणकापड त्याच्याच पलंगावर आहे, त्याला अगदीच काही माहीत नसेल असं नाही. तपासणीच्या दिवशीचा डबा त्याला करू दे. सासूबाईंशी वाद घालू नकोस, जमलं तर एवढंच विचार, 'तुम्हाला किती वर्षं असं होत होतं?' उत्तर ऐकून कदाचित त्याच तुझ्याबरोबर रिक्षात बसतील.

आणि सोसायटीच्या कमिटीला सुचव, की पुढच्या शिबिरात हात वर करायला लावू नका. एक डबा ठेवा, चिठ्ठीवर नाव न लिहिता प्रश्न टाकू द्या, डॉक्टरबाई एकेक वाचून उत्तर देतील. तुमच्या हॉलमध्ये हात खाली ठेवून बसलेली तू एकटीच असशील, हे मला पटत नाही.

तुझी,
ताई