ओव्हन नाही, पीचचा डबा नाही. घरातल्या सामानातून फ्रूट कॉबलर कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय ते असं: धुळ्यात भाड्याच्या खोलीत राहता, गॅस आहे पण ओव्हन नाही, अंडं चालत नाही, रविवारी मित्र जेवायला यायचेत. आणि फ्रूट कॉबलरच्या, म्हणजे फळं आणि पीठ एकत्र भाजून करायच्या अमेरिकन गोड पदार्थाच्या, व्हिडिओतली बाई सांगते की पीचचा डबा फोडा, बटरची एक ‘स्टिक’ घ्या, सेल्फ-रायझिंग फ्लोअर घ्या, ३५० डिग्रीला ठेवा. यातलं काहीच तुमच्याकडे नाही.

तरीही होतं, आणि चांगलं होतं. मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याची. आमच्याकडे पीच चित्रातच पाहायचे, पण केळी एवढी की आलेल्या पाहुण्याला फणी दिल्याशिवाय कोणी सोडत नाही. मी कॉबलर करते ते केळीचं, नाहीतर कैरीचं.

आधी मनातली भीती काढा. हा पदार्थ ओव्हनवाल्यांचा नाहीच मुळी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पश्चिमेकडे निघालेले लोक वाटेत मुक्काम करायचे तेव्हा बिडाच्या जाड भांड्यात असतील ती फळं घालायची, वर पीठ टाकायचं, भांडं निखाऱ्यावर ठेवायचं आणि झाकणावरही निखारे पसरायचे. खाली आग, वर आग. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांना हे शिकवायची गरज नाही.

व्हिडिओतली मापं अशी समजून घ्या. अमेरिकन कप २४० मिलीचा. आपली वाटी कुणाकडे दीडशेची, कुणाकडे दोनशेची, म्हणून एकच वाटी धरा आणि मैदा, साखर, दूध सगळं तिनेच मोजा. बटरची स्टिक म्हणजे ११३ ग्रॅम. ३५० डिग्री हे फॅरेनहाइट, म्हणजे आपले साधारण १८० सेल्सिअस. सेल्फ-रायझिंग फ्लोअर म्हणजे बेकिंग पावडर आणि मीठ आधीच मिसळलेला मैदा. कपभर मैद्याला दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा मीठ घातलं की तेच तयार.

आता माझं प्रमाण. दोनशे मिलीच्या वाटीने १ वाटी मैदा, पाऊण वाटी साखर, १ वाटी दूध, सव्वा चहाचा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, पाव वाटीपेक्षा थोडं जास्त तूप. बटरऐवजी तूप का, तर बटरमध्ये ८० टक्के स्निग्धांश, उरलेलं बहुतेक पाणी; तुपात ते पाणी नाही, म्हणून कमी पुरतं. शिवाय मे महिन्यात आमच्याकडे बटर फ्रिजमधून ओट्यावर येईपर्यंत अंग टाकतं. वापरायचंच असेल तर वापरा, पण बाजारातलं पिवळं बटर खारं असतं, मग वेगळं मीठ घालू नका. एवढ्यात चार-पाच जणांचं भागतं.

बेकिंग पावडर डब्यात कधीपासून पडलीये आठवत नसेल तर चिमूटभर गरम पाण्यात टाकून बघा. फसफसली तर ठीक, नुसती विरघळली तर फेकून द्या. अजिबातच नसेल तर निम्म्या दुधाऐवजी आंबट दही घ्या आणि पाव चमचा खायचा सोडा घाला. इनोनेही होतं, पण ते ओलं झाल्या क्षणी काम सुरू करतं. म्हणून भांडं तापल्यावर, अगदी शेवटी घालायचं आणि लगेच ओतायचं.

कृतीत खरी गंमत एकच आहे: ढवळायचं नाही. सात-आठ इंची डबा किंवा जाड बुडाचं पसरट पातेलं घ्या, त्यात तूप घालून चांगलं गरम करा. मैदा, साखर, मीठ, बेकिंग पावडर कोरडंच एकत्र करा, दूध घाला, गुठळ्या मोडण्यापुरतं हलवा. भजीच्या पिठापेक्षा सैल हवं. ते गरम तुपाच्या मधोमध ओता. तूप कडेने वर येईल. येऊ द्या, चमचा लावू नका. मग फळं रसासकट चमच्या-चमच्याने वरून सोडा. हात थांबत नाही हे मला माहीत आहे, पण थांबवा. भाजताना पीठ फुगून वर चढतं, फळं खाली बसतात, आणि कडेचं तूप पिठाला तळल्यासारखं कुरकुरीत करतं. ढवळलंत तर तूप पिठात मुरेल, फळं बुडाला चिकटतील आणि हाती येईल तो ओलसर केक. वाईट लागत नाही, पण कॉबलर नव्हे.

भट्टी अशी करा. जाड कढई किंवा मोठं पातेलं घ्या, तळाशी वाटी-दीड वाटी जाडं मीठ पसरा, त्यावर स्टँड किंवा उलटी छोटी ताटली ठेवा, घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. बरेच जण शिट्टी-रिंग काढून कुकर वापरतात. मी नाही वापरत. कोरडा तापवून कुकरचं वाटोळं होतं आणि मग रोजच्या वरण-भाताला पंचाईत. मग डबा आत ठेवा, आच मंद ते मध्यम करा. पहिला अर्धा तास झाकण उचलायचं नाही, नाहीतर मधला भाग बसतो. त्यानंतर एकदा उघडून झाकणाच्या आतलं पाणी फडक्याने पुसा, ते थेंब पिठावर पडले तर वरचा थर चिकट राहतो. एकूण ४५ ते ५५ मिनिटं. पिठाच्या भागात सुरी खुपसून बघा, कोरडी आली की झालं. फळाच्या भागात खुपसाल तर ती कधीच कोरडी येणार नाही, उगाच ताटकळाल.

गॅसवर एक उणीव राहते: वरून रंग येत नाही. त्यासाठी लोखंडी तवा दुसऱ्या शेगडीवर कडकडीत तापवायचा, पिठावर चमचाभर साखर भुरभुरायची आणि झाकण काढून तो तवाच कढईवर ठेवायचा, शेवटची आठ-दहा मिनिटं. डबा कढईच्या काठाच्या जेमतेम खाली असेल तर छान सोनेरी रंग येतो. माझ्या सासूबाईंनी हा उद्योग पहिल्यांदा पाहिला तेव्हा दारातूनच विचारलं, “हाई काय शे वं?” (हे काय आहे गं?) आणि उत्तराची वाट न बघता तव्यावर चुलीतला निखारा ठेव म्हणाल्या. गावच्या घरी चूल अजून पेटते, तिथे मी तसंच करते. तुम्ही खोलीत हे करू नका.

ज्यांच्याकडे ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन आहे त्यांनी १८० वर ४० ते ४५ मिनिटं ठेवावं आणि लाइट जाणार नाही अशी वेळ बघावी.

आता फळं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर, यावल, चोपडा हा सगळा तिचाच पट्टा. पण केळी ही पीच नव्हे, हे ध्यानात ठेवून करायचं. पीचमध्ये जवळजवळ नव्वद टक्के पाणी, केळ्यात पंचाहत्तरच्या आसपास, शिवाय आंबटपणा जवळजवळ नाहीच. म्हणून पीचच्या जागी नुसती केळी टाकली की कोरडं आणि मिट्ट गोड होतं, आणि लोक म्हणतात केळ्याचं जमत नाही. चार केळी घ्या, साल पिवळी, एखाद-दुसरा तपकिरी ठिपका, पण दाबली तर घट्ट. काळी पडलेली शिकरणाला ठेवा. बोटाच्या पेराएवढे जाड काप करा. पातळ केले तर विरघळून जातात. लगेच एका लिंबाचा रस चोळा, म्हणजे काळेही पडत नाहीत आणि हवा तो आंबटपणाही येतो. मग पाव वाटी पाण्यात दोन मोठे चमचे गूळ विरघळवून, एक उकळी आणून, गाळून त्यात घाला. वर दालचिनीची पूड किंवा जायफळ. वेलची मला इथे आवडत नाही, लगेच शिऱ्याचा वास येतो. गूळ दुधात घालू नका, दूध फाटायची भीती असते. फळात घातला की प्रश्नच नाही.

लिंबू नसेल तर अर्धा चमचा आमचूर. सातपुड्यात धडगावकडे आदिवासी बाया कैऱ्या चिरून, वाळवून आमचूर करतात. त्याचा आंबटपणा गुळाबरोबर लिंबापेक्षा भारी लागतो.

माझं मत विचाराल तर आपल्याकडचं सगळ्यात चांगलं कॉबलर कैरीचं. अमेरिकेत आंबट सफरचंदाचं करतात, त्याची जागा कैरीच घेते. दोन मध्यम कैऱ्या सोलून पातळ काप करा, वाटीभर गूळ आणि तीन-चार चमचे पाणी घालून पाच-सात मिनिटं शिजवा, काप पारदर्शक दिसायला लागले की उतरवा. चिमूटभर मीठ विसरू नका. पिठातली साखर यावेळी अर्धी वाटीच घ्या. आणि घरून बरणी येत असेल तर एवढाही खटाटोप नको: गुळांबा किंवा साखरंबा वाटीभर काढा, थोड्या गरम पाण्यात सैल करा आणि सोडा वरून. डबाबंद फळ म्हणजे दुसरं काय असतं? फळ आणि पाक. ते आपल्या आया वर्षानुवर्षं बरण्यांत भरून ठेवतायत. फक्त मोहरी-मेथीची फोडणी दिलेला मेथांबा चुकून उचलू नका.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवसांत आमरस उरतो. नुसता रस ओतला तर पीठ कच्चं राहतं, म्हणून रस थोडा आटवून घ्यायचा आणि त्यात आंब्याच्या फोडी घालायच्या. पेरू छान होतो, बिया काढून. शहाद्याकडची पपई स्वस्त मिळते, पण ती आधी गुळाबरोबर दोन उकळ्या येऊ द्या. पपईतलं पपेन दुधातल्या प्रथिनांवर काम करतं आणि दूध कडवट लागतं, शिजवल्यावर त्याचा जोर जातो. टरबूज नको, सगळं पाणीच. सीताफळही नको, गर काढायचे कष्ट आणि शिजवलं की चव उतरते. मेहरूणची बोरं कुणी दिली तर खाऊन टाका, आठळ्या काढत बसण्यात अर्थ नाही.

फळच नसेल तर खारीक आणि मनुका. खारीक बी काढून रात्रभर भिजवा, त्याच पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवा, मनुका आणि लिंबू घाला. दिसायला गरीब, पण हिवाळ्यात हेच पहिलं संपतं.

मैदा नको असेल तर कणीक चालते, दूध दोन-तीन चमचे जास्त लागतं, रंग गडद येतो. दादर ज्वारीचं पीठ आमच्याकडे घरात असतंच, पण ज्वारीत पीठ बांधून ठेवणारं ग्लुटेन नाही, नुसत्या ज्वारीचं घेतलं तर वरचा थर भुगा होऊन पडतो. अर्धी कणीक, अर्धी दादर घेतली तर खमंग होतं. तुमच्या पहिल्या खेपेला मात्र मैदाच घ्या.

उतरवल्यावर पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या, तोवर रस दाट होतो. लगेच वाढलं तर ताटलीत पाणी-पाणी दिसतं. वर म्हशीच्या दुधाची गार साय आणि तीवर साखर; आइस्क्रीम आणलंत तर साधं व्हॅनिला आणा. उरलं तर उन्हाळ्यात रात्रभर बाहेर ठेवू नका, फळ आंबतं. फ्रिजमधून काढलेलं सकाळी झाकण ठेवून तव्यावर गरम केलं की कडा पुन्हा कुरकुरीत होतात. मायक्रोवेव्हमध्ये मऊ पडतात.

आठ जण असतील असंही तुम्ही लिहिलंय. प्रमाण दुप्पट करून एकाच खोल डब्यात भरू नका, कडा जळतील आणि मधे पीठ कच्चं राहील. दोन डबे करा, एकामागून एक लावा. मीठ तापलेलंच असतं, म्हणून दुसऱ्याला पाचेक मिनिटं कमी लागतात. दुसऱ्याचं पीठ मात्र पहिला डबा उतरवल्यावरच कालवा, कालवून ठेवलं तर बेकिंग पावडरचा अर्धा जोर तिथेच संपतो.