३० हजारांचा एअरब्रश हप्त्यावर घेऊ का? भावा, भिशीचा नंबर येईपर्यंत थांब

कोल्हापुरातल्या शाहूपुरीतनं एका पोराचा मेसेज आलाय, आधी तो थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय २७, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत क्वालिटीला, हातात ३१,००० पडतात. त्यातले १०,००० घरी आईकडे, ३,९०० गाडीचा हप्ता, २,००० भिशी, आणि सगळं जाऊन महिन्याला चार-पाच हजार उरतात. बँकेत ३८,००० आहेत. नाद आहे स्केल मॉडेलचा, १/७२ ची विमानं, म्हणजे खऱ्यापेक्षा ७२ पट लहान, आत्तापर्यंत सगळी ब्रशने रंगवली, सहा किट डब्यात तशीच पडून आहेत कारण ब्रशचे ओघळ आणि रेघा बघून आता मन भरत नाही. एअरब्रश म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारी छोटी गन; ०.२ एमएम नोझलचा (पुढचं छिद्र) जपानी १७,५०० ला, त्याला हवा पुरवणारा टाकीवाला कॉम्प्रेसर १०,५०० ला, रंग-थिनर धरून ३०,००० होतात. कार्डावर १२ महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय मिळतोय आणि "दुसऱ्यांची मॉडेल रंगवून हप्ता सुटेल" असा हिशोब आहे. मित्र म्हणतोय १,५०० चा चायना घे. दुसरा मित्र उद्यमनगरात फ्रीजच्या कॉम्प्रेसरला टाकी जोडून ४,५०० त करून देतो म्हणतोय.

पहिलं सांगतो, हा खर्च फालतू नाही. दिवसभर गेज आणि मायक्रोमीटर हातात धरून रात्री दोन तास कोणी बोटभर विमान रंगवत बसत असेल तर ते जपण्यासारखं आहे, आणि पगारातनं त्यासाठी पैसे काढण्यात काहीच चूक नाही. प्रश्न फक्त कुठले पैसे, कधी, आणि कशावर एवढाच आहे.

हप्त्याचं बघू. नो कॉस्ट म्हणजे फुकट नसतं, रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितलंय की झिरो परसेंट व्याज असला प्रकार नाही. होतं काय, की बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढी सूट देतो, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुझ्या खिशातनं जाते. १५ टक्के व्याज आणि दोनशेच्या आसपास फी धरली तर तुझ्या ३० हजारांवर हे सगळं मिळून साडेसहाशेच्या आसपास होईल. खरं सांगायचं तर साडेसहाशेने माणूस बुडत नाही. मला भीती वेगळी वाटते. उरणाऱ्या चार-पाच हजारातले अडीच हजार वर्षभर बांधले जाणार, आणि एखाद्या महिन्यात ओव्हरटाइम बंद झाला किंवा गाडीने काम काढलं आणि कार्डाचं बिल पूर्ण भरलं नाही, की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज सुरू, म्हणजे वर्षाचं ४२. ते सुद्धा नुसत्या एअरब्रशवर नाही, कार्डावर त्या महिन्यात जे जे घेतलंस त्या सगळ्यावर.

आणि ३८,००० म्हणजे तुझा दीड महिन्याचा सुद्धा खर्च नाही. निदान तीन महिन्यांचा पाहिजे, म्हणजे ७५-८० हजार. ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, त्याची पगाराची मर्यादा २१,००० आहे, तू त्याच्या वर आहेस, त्यामुळे कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे का आणि त्यात आई धरली आहे का हे उद्याच एचआरला विचार. नसेल तर एअरब्रशच्या आधी ते. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी काढलाय, तेवढा तरी भार कमी झालाय.

दुसऱ्यांची मॉडेल रंगवून पैसे सुटतील हे मात्र हिशोबातनं काढून टाक. तूच लिहिलंयस की एका विमानाला २५-३० तास जातात आणि १,५०० घेणार, म्हणजे रंग-थिनर वजा करून तासाला ५० रुपये सुद्धा हातात येत नाहीत. शिवाय अजून एअरब्रश हातात धरलेला नाहीस, पहिले दोन-तीन महिने हात बसण्यातच जाणार, आणि त्या काळात दुसऱ्याचं किट बिघडलं तर ते भरून द्यावं लागणार. पुढं कोणी आपणहून पैसे दिले तर घे.

आता पैसे कशावर घालायचे. बापट कॅम्पातले एक मूर्तिकार माझे जुने क्लायंट आहेत, एकदा श्रावणात त्यांच्याकडं कागदांवर सह्या घ्यायला गेलो होतो. सगळीकडं अर्धवट रंगलेले गणपती, बाहेर धो धो पाऊस. त्यांनी कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा स्क्रू सैल केला, आधी नुसती हवा आली आणि मग फुर्रकन पाणी, अर्धा पेला तरी असेल, पार माझ्या चपलेवर. दमट हवा दाबली की त्यातलं पाणी सुटतं आणि टाकीत साठतं, ते नळीतनं पुढं गेलं तर रंगात थेंब पडतो आणि तासाभराचं काम पुसून काढावं लागतं. ते म्हणाले, "साहेब, गन कुठलीबी चालतीया, हवा कोरडी पायजे." तेव्हापासनं कोणी या कामाचं विचारलं की मी आधी कॉम्प्रेसरचं बोलतो.

त्यामुळं माझं मत असं, की तुझ्या यादीतला १०,५०० चा कॉम्प्रेसर बरोबर आहे, तो घे. तीन लिटरची टाकी, रेग्युलेटर, पाणी अडवणारा फिल्टर, आणि ४ बारच्या आसपास आपोआप बंद होणारा स्विच, एवढं असलंच पाहिजे. टाकी नसली तर हवा धकधक करत येते आणि मशिन सतत चालून तापतं. रंगवताना लागणारा दाब तर १५-२० पीएसआयच, म्हणजे दीड बारच्या आतच. विजेची काळजी करू नको, दीडशे वॅटचं मशिन महिन्यात आठ तास चाललं तरी सव्वा युनिट होतं.

उद्यमनगरवाल्या मित्राचं मन मोडायचं नाही मला, त्या भागातल्या हातांना काय येत नाही असं नाही. आणि फ्रीजचा कॉम्प्रेसर आवाज करत नाही हे खरंय, पण तो तेलावर चालतो, तेलाचा अंश हवेत येतो आणि रंग त्या ठिकाणी धरत नाही. शिवाय घरच्या टाकीला सेफ्टी व्हॉल्व्ह आणि कटऑफ नसेल तर शेजारच्या खोलीत आई झोपलेली असताना ती चालवायची माझी तयारी नाही. सहा हजार वाचतात, पण मी ते वाचवणार नाही.

गन मात्र सुरुवातीला १,५०० चीच घे. फक्त डबल ॲक्शन, म्हणजे ट्रिगर दाबला की हवा आणि मागं ओढला की रंग, कप वरच्या बाजूला, आणि नोझल ०.३. ०.२ ने रेघ बारीक येते हे खरं, पण ॲक्रेलिक टोकावर वाळतो, प्राइमर (रंगाआधीचा थर) अडकतो, आणि असल्या बऱ्याच गनांत नोझल तांदळाच्या दाण्याएवढं आणि आट्याचं असतं, धुताना पाना जरा जास्त फिरला की आटे तुटून आतच राहतात. मग नवीन नोझलला चांगलेच पैसे पडतात. सुईचं टोक केसाएवढं वाकलं तरी फवारा तिरका जातो. तू क्वालिटीचा माणूस आहेस, सुई नखावर हलकेच फिरवून बघ, वाकली असेल तर लगेच जाणवेल. या चुका सगळ्यांच्याच होतात, त्या १,५०० च्या गनवर होऊ देत.

१०,५०० आणि १,५०० मिळून १२,००० झाले. भिशीचा तुझा नंबर नोव्हेंबरात आहे आणि २४,००० येणार आहेत, निम्मे यात आणि निम्मे त्या ३८,००० त टाक, म्हणजे बाजूला ५०,००० होतील. थिनरची मोठी बाटली आणि वाफ अडवणारा कार्ट्रिजवाला मास्क महिन्याच्या शिलकीतनं घे, कापडी मास्कवर भागवू नको, खोली बंद असली तर अजिबातच नाही. चांगल्या गनसाठी डिसेंबरपासनं १,५०० ची आरडी लाव, वर्षात १८,००० आणि वर थोडं व्याज, म्हणजे तीच जपानी गन रोखीने, आणि ती सुद्धा ०.३ ची घे. तोपर्यंत त्या सहा किटपैकी निदान चार तरी पूर्ण झालेली असली पाहिजेत. नसतील तर आरडी मोडू नको, ती तशीच इमर्जन्सीला वळव.

घेताना गन आणि कॉम्प्रेसरच्या नळीचे आटे जुळतात का बघ, बऱ्याच गनांना १/८ इंची होज (नळी) लागतो पण काही अमेरिकन ब्रँडना ॲडॅप्टर लागतो. आणि कॉम्प्रेसर दुकानातच चालू करून दहा मिनिटं थांब, गन बंद ठेवून काट्याकडं बघत राहा. मशिन बंद झाल्यावर काटा खाली सरकायला लागला तर कुठनं तरी हवा सुटतीय, दुसरा पीस माग.