सूड घ्यायला आलेली नायिका प्रेमात पडते, हे मराठवाड्यातल्या कादंबरीत पटेल असं कसं लिहावं?

तुम्ही दिलेलं कथानक असं: लातूरकडच्या एका शेतकऱ्याची जमीन सावकार बळकावतो, शेतकरी खचून मरतो, त्याची मुलगी मोठी होऊन खोट्या नावानं सावकाराच्या वाड्यावर कामाला येते आणि त्याच्याच मुलावर तिचा जीव जडतो. वाचणाऱ्यांना सूड पटला, प्रेम पटलं नाही, असं तुम्ही म्हणता. मी लातूरला जमिनीच्या दाव्यांची वकिली करते आणि सूड-प्रेमाच्या कादंबऱ्या मनापासून वाचते. तुमच्या प्रश्नात या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यात, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रेम पटत नाही, कारण तुमच्या कथेत सुडाची वाट एकीकडे आणि प्रेमाची दुसरीकडे जाते. दिवसा ती कपाटं धुंडाळते, संध्याकाळी तो गच्चीवर भेटतो. त्या गच्चीवर जे घडतं त्यानं सुडाला काही फरकच पडत नाही. दोन्हींची वाट एकच करा. तिला सुडासाठी जे लागतं ते त्याच्याच हातून मिळालं पाहिजे. तो जितकी मदत करेल तितकं संकट त्याच्याच घराकडे सरकेल आणि ते वाचकाला दिसत राहील. मग दोघं नुसती चहा पीत बसली तरी वाचकाचा श्वास अडकेल.

त्यासाठी मी आधी सावकार काढून टाकीन. सावकारी खोटी आहे म्हणून नाही. २०१४ चा सावकारी नियमन कायदा उगाच आलेला नाही. पण कादंबरीत सावकार आला की तो काय करणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतं. आमच्याकडे जमिनीवरून खरी आग लागते ती भावकीत. बांध एक, आडनाव एक, देवक एक आणि मधे कोर्टाची तारीख. तेव्हा खलनायक चुलता करा.

काळ आणि जागा म्हणून ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप घ्या. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद, ते सगळं अंगावर आलं आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. हे दुःख अजून ओलं आहे. त्याला नाट्याचा पडदा करू नका, गाव कल्पित ठेवा. पण अशा उलथापालथीत कागदावर काय काय होऊ शकतं, तिथे तुमची कथा आहे.

समजा, आई-बाप ढिगाऱ्याखाली गेले आणि आठ वर्षांची मुलगी जिवंत निघाली. जखमींबरोबर तिला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं आणि तिथल्या मावशीनं तिला वाढवलं. इकडे चुलत्यानं वारसाचा फेरफार, म्हणजे सरकारी दप्तरात जमिनीवरच्या नावाचा बदल, करून घेतला: भाऊ मयत, भावजय मयत, मुलगी मयत. भावांची वाटणी आधीच झालेली होती असं धरा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलगी पहिल्या वर्गातली वारस आहे, ती जिवंत असेपर्यंत त्या हिश्श्यात चुलत्याला काहीच मिळत नाही. म्हणून तिला कागदावर मारणं भाग होतं. पुनर्वसनात घरं जमिनीच्या प्रमाणात मिळाली: भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टरवाल्यांना ४००, त्याहून जास्त असेल त्यांना ७५०. भावाची जमीन नावावर चढली आणि चुलता ७५० च्या घरात गेला, असं दाखवता येईल. नव्या गावात पाय ठेवताच नायिकेला आपल्या बापाची जमीन त्या घराच्या आकारात दिसेल.

आता प्रेमाचा माणूस. चुलत्याच्या घरात तो नकोच, रक्ताच्या नात्यामुळे तसाही चालणार नाही. 'मुलगी मयत' या जबाबावर पंच म्हणून सही करणाऱ्या माणसाचा तो मुलगा असू द्या. आणि त्या पंचानंच त्या पहाटे हातांनी दगड उपसून मुलीला बाहेर काढलं होतं. ज्यानं जीव वाचवला त्यानंच पुढे कर्जापायी किंवा दबावाखाली तिला पुसून टाकलं. मुलगा मात्र लहानपणापासून 'माझ्या बापानं एक पोरगी जिवंत काढली' ही गोष्ट अभिमानानं ऐकत वाढलाय.

साधारण २००७ च्या सुमारास ती जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षणसेविका म्हणून येते. खोट्या नावाची तुमची अडचणही इथे सुटते. आपल्याकडे नवा माणूस दिसला की पहिला प्रश्न येतो, "कुठलं गाव म्हणायचं, बाई? कुणाच्यातल्या?" दोन वाक्यांत सोयरीक निघते, त्यामुळे बनावट नाव आठवडाभरही टिकत नाही. पण शाळेच्या दाखल्यावर मावशीच्या घरचं आडनाव असेल तर ती खोटं बोलतच नाही, फक्त अर्धं सांगते.

तो औशाला तहसीलसमोर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान चालवतो, लोकांचे अर्ज लिहून देतो. मावशीच्या ओळखीच्या कुणासाठी म्हणून ती त्याला जुन्या फेरफाराची आणि जबाबाची नक्कल काढायला सांगते. तो खेटे घालतो, कारकुनाची मनधरणी करतो, नक्कल आणतो. आणि त्यात स्वतःच्या बापाची सही बघतो. ज्या मुलीला बापानं वाचवलं तिच्या मरणावर बापाचीच सही! तो तिला काही बोलत नाही. तीही सही वाचते आणि काही बोलत नाही. इथून दोघं एकाच सत्याकडे दोन टोकांनी चालू लागतात. या प्रकरणांत घाई करू नका, कादंबरीचा जीव इथे आहे. प्रेमही इथेच उगवू द्या: तिच्यासाठी त्यानं एसटी चुकवणं, त्याच्या घरी जेवताना त्याच म्हाताऱ्यानं तिला आग्रहानं धपाटं वाढणं आणि तिच्या घशाखाली घास न उतरणं.

उत्कंठेसाठी खून-पाठलाग लागत नाहीत. चुलता जमीन विकायला काढतो. खरेदीखत झालं की फेरफाराची नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. हरकत घ्यायची तर अर्जावर खरं नाव, बापाचं नाव लिहावं लागणार आणि ते संध्याकाळपर्यंत गावभर होणार. फेरफार म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, दिवाणी दावा नंतरही लावता येतो, हे तिचा वकील सांगेलच. पण खरेदीदार एकदा ताब्यात बसला की पुढची वर्षं तारखांत जातात. त्या १५ दिवसांना तारखेवार प्रकरणं द्या.

खरा पेच त्यापुढे आहे. आपणच ती मुलगी, हे ती सिद्ध कशी करणार? चुलता डीएनए चाचणीला सहजासहजी तयार होणार नाही, कोर्टाचा आदेशही लगेच मिळत नाही. जुनं घर, जुने कागद मातीत गेले. मावशी बोलेल, पण ती पडली घरची. ढिगाऱ्यातून बाहेर काढलेली हीच, असं सांगू शकणारा बाहेरचा माणूस एकच: तो पंच. ज्याचा सूड घ्यायचा त्याच्याच तोंडून तिला पुन्हा जन्म घ्यायचाय. तो खरं बोलला तर जमीन तिची, पण खोटा जबाब दिल्याची कबुली त्याच्या माथी आणि तिच्या माणसाचं घर उघड्यावर. नाही बोलला तर ती कायमची मयत. मावशी इतकी वर्षं गप्प का होती हेही इथेच उघड करा, आधी नको.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. नायकानं पाठलाग करायचा, हात धरायचा, कोंडून ठेवायचं आणि मग तिला प्रेम वाटायचं, हा मार्ग घेऊ नका. असल्या प्रसंगांतून आलेल्या मुली माझ्यासमोर बसून बोललेल्या आहेत. त्याला प्रेम म्हणायला माझी लेखणी धजणार नाही, तुमचीही धजू नये.

लग्नानं शेवट करू नका. शेवटचं प्रकरण म्हाताऱ्याच्या साक्षीचं ठेवा: आधी सरतपासणी, म्हणजे तिच्या बाजूनं त्याची साक्ष, मग चुलत्याच्या वकिलाची उलटतपासणी. मुलगा मागच्या बाकावर, ती वकिलाशेजारी. लिहिण्याआधी एखाद्या दिवाणी कोर्टात जाऊन बसा. सुनावणी सहसा खुली असते, मागे बसून ऐकता येतं. साक्षीदार उत्तर देण्याआधी कुणाकडे बघतो, तेवढं टिपून आणा.