शेवट न सांगता

या महिन्यातली बहुतेक पत्रं थरारकथा आणि रहस्यकथांबद्दलची आहेत, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. नेहमीचा नियम आजही लागू आहे: खुनी कोण, हे या पानावर छापलं जाणार नाही. ठाण्यात लायब्ररीच्या काउंटरवर बसायचे तेव्हा परत आलेल्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं सापडायचं. मी ते खोडून मगच पुस्तक पुढच्या सभासदाला द्यायचे. त्या सभासदाचा आनंद राखणं हे माझं काम होतं आणि अजूनही ते मी माझंच काम मानते.

प्रश्न: 'द हाउसमेड' एका रात्रीत वाचून संपवलं. आठवड्यानं मैत्रिणीला गोष्ट सांगायला बसले तर नावंसुद्धा आठवेनात. मग हे पुस्तक चांगलं म्हणायचं की वाईट?
— एक वाचक, नाशिक

रात्रभर जागं ठेवणं सोपं नसतं, त्याचं श्रेय आधी लेखिकेला देऊ. फ्रीडा मॅकफॅडन पेशानं डॉक्टर आहेत. 2022 साली आलेल्या या कादंबरीत तुरुंगातून सुटलेली मिली एका श्रीमंत घरात कामाला लागते. तिला राहायला माळ्यावरची खोली मिळते, आणि त्या खोलीला कुलूप बाहेरून लागतं. एवढ्याशा तपशिलात सगळी भीती आली. छोटी छोटी प्रकरणं, प्रत्येकाच्या शेवटी पान उलटायला लावणारी ओळ, आणि मध्यावर गोष्ट सांगणाराच बदलतो. ते वळण मला मनापासून आवडलं.

पण माझी कसोटी दुसऱ्या वाचनाची आहे. शेवट कळल्यावर पुस्तक पुन्हा हातात घ्यावंसं वाटतं का? 'द हाउसमेड' मी पुन्हा उघडलं तेव्हा फक्त रचना दिसली. माणसं त्या त्या धक्क्यापुरती उभी केलेली होती, काम झालं की ती विरून जात होती. तुम्हाला नावं आठवली नाहीत याचं कारण हेच.

याउलट गिलियन फ्लिन यांची 2012ची 'गॉन गर्ल' घ्या. न्यूयॉर्कमधल्या लेखनाच्या नोकऱ्या गेलेलं जोडपं नवऱ्याच्या गावी, मिसुरीत राहायला येतं, आणि लग्नाच्या पाचव्या वाढदिवशी बायको नाहीशी होते. दोघं आळीपाळीनं बोलतात. सगळं माहीत असतानाही त्यांची साधीसुधी वाक्यं दुसऱ्यांदा वाचताना अंगावर काटा येतो, कारण पैशांची चणचण, सासर-माहेर आणि एकमेकांसमोर चांगलं दिसण्याची धडपड हे सगळं त्या लग्नात खरं आहे.

पुष्कळांनी 'द सायलेंट पेशंट'बद्दलही विचारलंय, त्यांना इथेच सांगते. ॲलेक्स मायकेलिडीस यांची ही 2019ची कादंबरी माझ्या कसोटीत निम्मी उतरते. नवऱ्याला गोळ्या घालून कायमची गप्प झालेली चित्रकार ॲलिशिया लक्षात राहते. तिच्या चित्राचं नाव 'अल्सेस्टिस' आहे. युरिपिडीसच्या ग्रीक नाटकातली अल्सेस्टिस नवऱ्याऐवजी स्वतः मरण पत्करते आणि परत आणली जाते तेव्हा एक शब्दही बोलत नाही. ही जोड फार सुंदर आहे. पण ॲलिशियावर उपचार करणारा थिओ तिच्या नातेवाइकांच्या घरी जाऊन ज्या तऱ्हेनं चौकश्या करत फिरतो, ते मला पहिल्या वाचनातही पटलं नव्हतं.

प्रश्न: मुलानं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' आणून दिलं. पहिल्या काही पानांतच खून होतो आणि कुणी केला तेही डोळ्यांसमोर दिसतं. मग पुढची तीनशे पानं कशासाठी वाचायची? मी निवृत्त गणित शिक्षक आहे, मुलाला वाटलं मला आवडेल.
— एक वाचक, सांगली

सर, तुमच्या मुलाची निवड अचूक आहे. पुस्तक कपाटात ठेवलं असेल तर आजच बाहेर काढा.

केगो हिगाशिनो आधी इंजिनिअर होते, नंतर पूर्णवेळ लेखक झाले. 2005च्या या जपानी कादंबरीला तिकडचा मानाचा नाओकी पुरस्कार मिळाला आणि 2011 साली ती इंग्रजीत आली. यासुको टोकियोत डबे विकणाऱ्या दुकानात काम करते. पैशांसाठी छळणारा पूर्वीचा नवरा घरी येतो, झटापट होते, आणि पाय शेकायच्या टेबलाच्या वायरनं ती त्याचा गळा आवळते. मुलगी तिला हातभार लावते. शेजारच्या खोलीत इशिगामी राहतो, शाळेत गणित शिकवणारा, एकटा, जाडजूड. भिंतीपलीकडून त्यानं सगळं ऐकलेलं असतं. तो दार वाजवतो आणि म्हणतो, मी मदत करतो. इथवर तुम्ही वाचलंच आहे.

यापुढे 'कुणी' हा प्रश्न संपतो आणि 'इशिगामीनं नेमकं केलं काय' हा सुरू होतो. तो प्रश्न तुमच्यासमोर उघडा पडलेला असतो, तरी तुम्ही तो चुकीच्या बाजूनं सोडवत राहता. इशिगामी परीक्षेत मुलांना अशी गणितं घालतो जी दिसायला भूमितीची असतात आणि सुटतात दुसऱ्याच रीतीनं. पोलिसांना हे सहज बोलता बोलता सांगितलं जातं. तुम्ही आयुष्यभर प्रश्नपत्रिका काढल्यात, तेव्हा त्या पानावर थांबा. लेखकानं सगळ्या कादंबरीची किल्ली तिथे वाचकाच्या हातात दिली आहे, आणि दिली आहे हे कळूही दिलेलं नाही. यालाच मी प्रामाणिक रहस्यकथा म्हणते. वाचकापासून काही लपवलेलं नाही, तरी तो चुकतो.

इशिगामीच्या समोर उभा राहतो युकावा, त्याचा कॉलेजमधला मित्र, आता पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. दोघांची बुद्धी एका तोलाची. न सुटणारं कोडं रचणं कठीण की ते सोडवणं कठीण, यावर ते बोलतात तेव्हा दोन मित्र गप्पा मारताहेत की एकमेकांचा अंदाज घेताहेत, हे सांगणं अवघड होतं. युकावा सत्याच्या जवळ जातो तसतसा खचत जातो. गुन्ह्याची उकल करणाऱ्याला इतकं दुःख होताना मी दुसऱ्या कुठल्याही पुस्तकात पाहिलं नाही.

वाचून झालं की पहिलं प्रकरण पुन्हा काढा. इशिगामी सकाळी शाळेत जाताना नदीकाठानं चालतो, तिथे राहणाऱ्या बेघर माणसांकडे त्याचं लक्ष जातं. बस, एवढंच वाचा. मग मला पत्र लिहा.

यावरून सुजॉय घोष यांनी केलेला 'जाने जान' हा 2023चा हिंदी चित्रपट कलिंपोंगमध्ये घडतो. जयदीप अहलावत यांचं काम उत्तम आहे. पण आधी पुस्तक.

प्रश्न: मी शेवटचं पान आधी वाचते. नवरा म्हणतो हा पुस्तकावर अन्याय आहे.
— एक वाचक, रत्नागिरी

तुम्हाला त्यातून आनंद मिळत असेल तर खुशाल वाचा. चांगल्या पुस्तकाचं त्यानं काही बिघडत नाही. फक्त घरात तेच पुस्तक वाचणाऱ्याला काही सांगू नका.

प्रश्न: आईला (वय 74) रहस्यकथा आवडतात, पण रक्तपात नको असतो. इंग्रजी सावकाश वाचते. काय देऊ?
— एक वाचक, डोंबिवली

रिचर्ड ऑस्मन यांचं 'द थर्सडे मर्डर क्लब' (2020). इंग्लंडमध्ये केंट परगण्यात ज्येष्ठांची वसाहत आहे, तिथे चौघं जण दर गुरुवारी जमून न सुटलेल्या खुनांच्या जुन्या फायली चाळतात. एलिझाबेथ हेरखात्यातली, जॉइस नर्स होती, रॉन कामगार पुढारी, इब्राहिम मानसोपचारतज्ज्ञ. मग त्यांच्याच दारात खून पडतो. जॉइसची डायरी मधून मधून येते, ती आईंना नक्की आवडेल. केकपासून प्रेतापर्यंत सगळ्याबद्दल ती सारख्याच आपुलकीनं लिहिते. वाक्यं छोटी, भाषा बोलण्यातली.

मला ही मालिका जवळची वाटते ती म्हाताऱ्या माणसांना तिनं दिलेल्या मानामुळे. एलिझाबेथचा नवरा स्टीफन हळूहळू सगळं विसरत चाललाय, आणि ती खुनाचा तपास करता करता त्याला सांभाळते. चौथ्या भागात, 'द लास्ट डेव्हिल टू डाय'मध्ये (2023), ही गोष्ट जिथे पोचते ते वाचून मी खूप रडले. घरात कुणी स्मृतिभ्रंशानं आजारी असेल तर तो भाग आईंच्या हाती देण्यापूर्वी स्वतः वाचा. आणि पुस्तकं क्रमानंच द्या.

प्रश्न: मुंबईत घडणारी चांगली रहस्यकादंबरी इंग्रजीत आहे का? टोळीयुद्ध सोडून.
— एक वाचक, पुणे

आहे. सुजाता मॅसी यांची 'द विडोज ऑफ मलबार हिल' (2018). साल 1921, परवीन मिस्त्री ही पारशी तरुणी वडिलांच्या वकिली कचेरीत काम करते. मलबार हिलवर एका गिरणीमालकाच्या तीन विधवा पडद्यात राहतात आणि तिघी आपापला मेहर (निकाहात नवऱ्यानं बायकोला द्यायची संपत्ती) दान करायला निघाल्याचे कागद येतात. पुरुष वकील त्यांच्यापर्यंत पोचू शकत नाही, परवीन पोचते. यातला गुन्हा दुसऱ्या शहरात, दुसऱ्या काळात घडूच शकला नसता. त्या काळचे कायदे आणि घराच्या आतल्या भिंती, सगळं रहस्याच्या पोटात आहे. परवीनमागे कॉर्नेलिया सोराबजींची प्रेरणा आहे. त्या ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकलेल्या पहिल्या स्त्री, पडद्यातल्या बायकांसाठी वर्षानुवर्षं झटलेल्या, आणि जन्म 1866 साली आपल्या नाशिकचा. स्त्रियांना वकिलीची दारं उघडणारा कायदा 1923चा, म्हणजे परवीनच्या गोष्टीनंतर दोन वर्षांनी. परदेशी वाचकासाठी लिहिल्यामुळे काही गोष्टी आपल्याला गरजेपेक्षा जास्त समजावून सांगितल्यासारख्या वाटतात, तेवढं सोसा.

ती संपली की वसीम खान यांची 'मिडनाइट ॲट मलबार हाउस' (2020). 1949च्या शेवटच्या रात्री मुंबईत एका इंग्रज अधिकाऱ्याचा खून होतो आणि तपास येतो पर्सिस वाडियाकडे. ती देशातली पहिली महिला पोलीस इन्स्पेक्टर, अर्थात कादंबरीतली. तिच्या वडिलांचं पुस्तकांचं दुकान आहे, मला तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

प्रश्न: मी 22 वर्षांचा आहे. बाबुराव अर्नाळकर आजोबांकडून ऐकले, सुहास शिरवळकर 'दुनियादारी'मुळे कळले. मराठीत पुढे काय वाचू? मी स्वतः एक रहस्यकादंबरी लिहितोय, पण ती लंडनमध्ये घडते.
— एक वाचक, अमरावती

अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड आजोबांबरोबर बसूनच वाचा, ते सांगतील तेही मोलाचं असेल. शिरवळकरांच्या नायकांपैकी दारा बुलंदपासून सुरू करा, गोष्ट पळवायची कशी ते तिथे शिकायला मिळेल. नारायण धारप रात्री वाचा. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा सावकाश, दिवसाला एक. आजच्यांपैकी हृषीकेश गुप्ते मला फार महत्त्वाचे वाटतात, त्यांची भीती माणसाच्या आतून येते. आपल्याकडे या लेखकांची पुस्तकं वाचून फाटली, पण त्यांच्यावर गंभीरपणे लिहिलं गेलं फार थोडं, याचं मला कायम वाईट वाटत आलंय.

आता तुमच्या कादंबरीबद्दल. लंडन सोडा. जेन हार्पर यांची 'द ड्राय' (2016) मिळवा. ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या गावात पाऊस नाही, नदी आटलीय, शेतकरी कर्जात आहेत, आणि एका शेतकरी कुटुंबातले नवरा-बायको आणि मुलगा मेलेले सापडतात. दुष्काळानं माणसं काय करू शकतात हे गावाला ठाऊक असल्यामुळे सगळ्यांना उत्तर आधीच कळल्यासारखं वाटतं. हे वाचताना तुम्हाला तुमचाच जिल्हा आठवेल. कापसाचा भाव, सावकाराची वही, सातबाऱ्यावरचं नाव, बांधावरून तीन पिढ्या न बोलणारे भाऊ, हे तुम्हाला माहीत आहे, लंडनच्या लेखकाला नाही. अशी कादंबरी मराठीत वाचायची माझी फार इच्छा आहे. पहिलं प्रकरण लिहून झालं की मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावानं पाठवा. मी वाचेन, जिथे खटकेल तिथे खूण करेन, आणि परत पाठवेन. खुनी कोण ते मात्र त्यात लिहू नका.