पणजीत नवीन फ्लॅट घेतलाय, डक्टेड एसी आहे. एसीवाला म्हणतो फिल्टर धुऊन वापरायचाच घ्या, फेकायचा घेऊ नका. काय करू?

एसीवाल्याचं ऐकू नका. फेकायचाच घ्या, निदान जून ते ऑक्टोबर तरी. घाईत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल, बाकीचं मला कधीपासून कुठेतरी ओकायचं होतं.

आमचं घर डिचोलीला. हॉलमध्ये डक्टेड एसी ही मिस्टरांची हौस. माझे धाकटे दीर कॅनडात असतात. तिथे घर तापवायला तळघरात फर्नेस, तिची हवा डक्टमधून घरभर फिरते आणि परतीच्या वाटेवर फिल्टर. साधा कागदी-कापडी फिल्टर दोन-तीन महिन्यांनी बदलावा लागतो. भावोजींनी त्याजागी धुण्याचा इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे स्थिर विजेने धूळ धरणारा, बसवला आणि तेव्हापासून फोनवर निम्मा वेळ किती डॉलर वाचले तेच ऐकायचं. तीन वर्षांपूर्वी गणेशचवथीला आले ते बॅगेतून आमच्यासाठीही तसाच एक घेऊन. अ‍ॅल्युमिनियमची चौकट, आत प्लॅस्टिकच्या जाळीचे थर. "वहिनी, हा जन्मभर पुरतो. महिन्यातून एकदा नळाखाली धरायचा, चार तासांत खडखडीत."

होत असेल तिथे. त्यांच्या हिवाळ्यात घरातली तापलेली हवा इतकी कोरडी असते की माणसांचे ओठ फुटतात. गोव्यात पावसाळ्यात सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि ऑगस्टात माझ्याकडे साधा हातरुमाल दोन दिवस दोरीवर असतो.

तर आल्या आल्या त्यांनी आमचा चांगला फिल्टर काढून कचऱ्यात टाकला आणि आपला बसवला. माप नावालाच 16 बाय 25 इंच, प्रत्यक्षात अर्ध्या इंचाने कमी. कडेच्या फटीत फोमची पट्टी मी कोंबली. चवथीच्या चार दिवस आधी साफसफाईत त्यांनी तो धुतला, मागच्या पडवीत रात्रभर उभा करून ठेवला आणि सकाळी बसवून टाकला. मी म्हटलं, "भावोजी, हाताला गार लागतोय." म्हणाले, "वहिनी, थेंब गळायचे थांबले म्हणजे वाळला." एसी त्यानंतर बंदच होता.

चवथीच्या संध्याकाळी हॉलमध्ये तीसेक माणसं. गणपतीवरची फळापानांची माटोळी भरगच्च, घुमट वाद्याच्या तालावर आरती रंगात आलेली. कुणीतरी एसी सुरू केला आणि धूप-अगरबत्तीवर मात करून ओल्या गोणपाटाचा वास आला. दोन मिनिटांत सासूबाईंना खोकल्याची उबळ. त्यांना दमा आहे. पंप शोधेपर्यंत आरती थांबली. आमच्या घरात आरती मध्येच थांबलेली मला आठवत नाही.

रात्री ग्रिल उघडलं. वरून फिल्टर स्वच्छ. बॅटरी मारली तर मधल्या थरात, चौकटीच्या कोपऱ्यांत हिरवट-काळं मखमल. नळाखाली वरची धूळ जाते, आतल्या थरांतला बारीक गाळ आणि केस तसेच राहतात. त्याला ओल मिळाली की बुरशीला आणखी काय हवं? भावोजी म्हणाले, "ड्रेनचा वास असेल."

आता मुद्द्याचं. फिल्टर किती बारीक कण अडवतो त्याला मर्व्ह नावाचं माप आहे, 1 ते 16. धुण्याचे बहुतेक 1 ते 4 मध्ये बसतात, म्हणजे केस, कापूस, मोठी धूळ. घड्या घातलेला मर्व्ह 8 चा फेकायचा फिल्टर 3 ते 10 मायक्रॉनच्या कणांपैकी किमान 70 टक्के अडवतो. आमच्या डिचोलीकरांना हे सांगावं लागत नाही. 2018 साली कोर्टाच्या आदेशाने इथल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, त्याआधी तुळशीची पानंसुद्धा लाल असायची. तसली धूळ जाळीतून आरामात आरपार जाते आणि थेट हवा थंड करणाऱ्या कॉइलवर बसते. मग एसी थंड करत नाही म्हणून तोच एसीवाला सर्व्हिसिंगला येतो. तुम्हाला धुण्याचा घ्या का सांगतोय ते आलं लक्षात?

आता थोडं धुण्याच्या फिल्टरवाल्यांच्या बाजूनेही. बेडरूममध्ये स्प्लिट एसी असेल तर त्याची जाळी धुण्याचीच असते, ती पंधरा दिवसांनी धुवाच. आणि फेकायचा घेताना हावरटपणा करून मर्व्ह 13 आणू नका. ब्लोअरला, म्हणजे आतल्या पंख्याला, त्यातून हवा ओढता आली नाही तर कॉइलवर बर्फ धरतो. किती झेपेल ते मशीनच्या पुस्तकात बघा. पुठ्ठ्याची चौकट पावसाळ्यात मऊ पडते, तेव्हा तीन महिन्यांचा हिशेब न धरता दर महिन्याला काढून बघा. पुठ्ठा वाकला की फेका. नोव्हेंबर ते मे धुण्याचा वापरायचाच असेल तर दोन घ्या, एक उन्हात, एक मशीनमध्ये. घरात कुणाला दमा असेल तर तेही नको.

राहता राहिला डॉलरचा हिशेब. मला एक फिल्टर साडेचारशेला पडतो, वर्षाला चार-पाच. भावोजींच्या मते हा उधळेपणा. ते यंदाही चवथीला येणार आहेत. त्यांचा फिल्टर मी फेकला नाही, माळ्यावर आहे. धुऊन मीच देईन, पडवीत दोरीही बांधून देईन. चार तासांनी हात लावून बघू.