वाचकांचे प्रश्न : जुन्या वळणाचे खेळ आणि चौकटींचा कागद

गेल्या अंकात, एकट्यादुकट्या किंवा मूठभर निर्मात्यांनी केलेल्या जुन्या वळणाच्या संगणकीय भूमिका-खेळांविषयी, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘आरपीजी’विषयी (ज्यांत एखाद्या पात्राची भूमिका घेऊन त्याचे बळ वाढवत जायचे असते), चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर सोलापुरातूनच इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांनाच देत आहे.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र आठवड्यातून एकदा सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसतो आणि बहुतेक वेळा याच खेळांवरून वाद घालून उठतो. एकाचे म्हणणे असे की जुन्या वळणाचा खेळ म्हणजे सन २००० पूर्वीचा, पुढचे सगळे नक्कल. दुसऱ्याच्या मते लढाई बुद्धिबळासारखी आळीपाळीने होत असेल तरच खेळ या पंगतीत बसतो. मला ‘डिस्को एलिसियम’ फार आवडला. पण त्यात वेगळी अशी लढाईच नाही, म्हणून दोघेही मला दारात उभे करत नाहीत. बरोबर कोण?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दोघांच्याही मोजपट्ट्या तोकड्या आहेत. सालाची पट्टी आधी पाहू. अमेरिकेतल्या सिॲटलचे जेफ व्होगेल यांनी १९९४ मध्ये स्पायडरवेब सॉफ्टवेअर सुरू केले आणि १९९५ मध्ये ‘एक्झाइल’ हा त्यांचा पहिला खेळ आला. साम्राज्याला नकोशी झालेली माणसे जमिनीखालच्या गुहांत कायमची ढकलून दिली जातात, तिथे ती अळंबी पिकवून जगतात आणि स्वतःची गावे वसवतात, असे त्याचे कथानक आहे. हाच खेळ २००० मध्ये ‘अव्हर्नम’ या नावाने नव्याने बांधला गेला आणि २०११ मध्ये पुन्हा एकदा. गुहा त्याच, हद्दपार माणसे तीच. मग आपल्या मित्राच्या हिशेबाने २०११ चा खेळ ही नक्कल ठरवायची का, आणि ठरवली तर कोणाची? स्वतःच्याच घराची डागडुजी करणाऱ्याला कोणी चोर म्हणत नाही.

आळीपाळीच्या लढाईची पट्टीही अशीच अपुरी पडते. १९८१ चा ‘विझार्ड्री’ हा भुयारात उतरून खेळायचा खेळ तिच्यात बसतो हे खरे. पण १९९८ च्या ‘बाल्डर्स गेट’मध्ये लढाई चालू वेळेत होते आणि हवे तेव्हा ती थांबवून हुकूम देता येतात. त्याला या घराण्याबाहेर काढण्याची हिंमत आपला मित्रही करणार नाही. उलट आळीपाळीने लढण्याचे कितीतरी नवे खेळ मोबाइलवर आहेत, ज्यांत बोट ठेवले की पुढे कुठे जायचे हे बाणच सांगतो.

माझी पट्टी वेगळी आहे. खेळ आपल्यावाचून किती काम उरकतो आणि किती काम आपल्यासाठी राखून ठेवतो, एवढेच मी पाहतो. ‘एक्झाइल’मध्ये तीन मोठी कामे आहेत : ज्या सम्राटाने हद्दपार केले त्याचा वध, गुहांतून वर जाण्याची वाट शोधणे आणि एका राक्षसाचा बंदोबस्त. यांतले कोणते आधी हाती घ्यायचे हे खेळ सांगत नाही. गावातल्या माणसाने बोलता बोलता एखाद्या किल्ल्याचे नाव घेतले, तर ते लक्षात ठेवण्याची जबाबदारी खेळणाऱ्याची असते. २००१ च्या ‘जीनफोर्ज’मध्ये आपण ‘शेपर’ पंथाचे शिकाऊ उमेदवार असतो, म्हणजे हव्या त्या प्राण्याला घडवून हुकमाखाली ठेवणारे. बेटावर जागोजागी सापडणाऱ्या कुप्या वापरल्या तर बळ आयते वाढते, पण त्याबरोबर पात्राचा स्वभाव बिघडत जातो, आणि खेळाच्या शेवटी त्याचा हिशेब होतो. कुपी दिसली की उचलावी ही आपली सवय इथे आपल्याच अंगाशी येते. ज्यांना पूर्वी घडवले गेले ते ‘सर्व्हाइल’ बेटावर वाऱ्यावर सोडले गेलेले असतात. मालकांची आज्ञा पाळत राहावी, त्यांच्याशी बरोबरीने वागावे की त्यांना उलथून टाकावे यावरून त्यांच्यात तीन तट पडलेले असतात, आणि आपल्याला त्यांच्यात वावरून आपले मत करावे लागते. चित्रे अगदी साधी आहेत, ती व्होगेल यांनी एका खेळातून दुसऱ्या खेळात उघडपणे पुन्हा वापरली आहेत, आणि त्यावरून टोमणे मारणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती. मला विचाराल तर हा हिशेब व्यवहारी आहे. दोन-तीन माणसांच्या कारखान्याला देखणी चित्रे परवडत नाहीत; नियम आणि मजकूर मात्र घरी बसून लिहिता येतात, म्हणून सगळी मेहनत तिकडे जाते.

सर्बियातल्या निर्मात्यांचा ‘अंडररेल’ हा २०१५ चा खेळ या बाबतीत सर्वांत धीट वाटतो. जमिनीखालच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांत माणसे राहतात, एवढी पार्श्वभूमी पुरे. मारलेल्या शत्रूंची संख्या मोजून ‘अनुभव’, म्हणजे पात्राचे बळ वाढवणारे गुण, देण्याची जुनी रीत त्यात आहे. पण तिच्याऐवजी दुसरीही निवडता येते, जिच्यात अनुभव मिळतो तो कोपऱ्यात, कपाटात, प्रेताच्या खिशात सापडणाऱ्या चमत्कारिक वस्तूंमुळे. परिणाम असा होतो की ज्या खोलीत चौघे सशस्त्र पहारेकरी आहेत तिथे घुसण्यापेक्षा त्यांच्या मागच्या झरोक्यातून सरपटत जाणे शहाणपणाचे ठरते. एक नियम बदलला आणि खेळाडूचा स्वभाव बदलला.

आता ‘डिस्को एलिसियम’. २०१९ चा हा खेळ माझ्या पट्टीने आत बसतो. त्यातली चोवीस कौशल्ये आपल्याच डोक्यात बडबडतात, काही तर चुकीचा सल्लाही देतात, आणि त्यांतले कोणाचे ऐकायचे हे काम सर्वस्वी आपले असते. आपण बाजूला बसण्याचे कारण नाही. पहिल्या मित्राला एवढेच विचारा की १९९९ च्या ‘प्लेनस्केप : टॉरमेंट’मध्ये त्याने लढाईत किती वेळ घालवला आणि संभाषणात किती.

प्रश्न : कौशल्याची फेक (एखादे काम जमते की नाही हे ठरवणारी, फाशांसारखी) चुकली की मी लगेच जुना सेव्ह, म्हणजे खेळाची आधी जपून ठेवलेली अवस्था, उघडतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. माझा भाचा म्हणतो, मामा, ही चोरी आहे. आहे का?
— एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : चोरी नव्हे, पण आपले नुकसान नक्कीच आहे. ‘विझार्ड्री’च्या काळात हा प्रश्नच फारसा उद्भवत नसे, कारण तो खेळ टोळीची, म्हणजे आपण खेळवत असलेल्या पात्रांच्या गटाची, अवस्था तत्काळ डिस्कवर लिहून टाकत असे. भुयारात सगळे मेले, तर मेले. मग गावातून दुसरी टोळी उभी करायची आणि तिने खाली उतरून पहिलीची प्रेते परत आणायची. ज्यांनी हे केले आहे त्यांना ती पहिली टोळी जन्मभर आठवते.

नव्या निर्मात्यांपुढे अडचण अशी की सेव्हची सोय काढली तर खेळाडू रागावतात आणि ठेवली तर आपल्यासारखे करतात. त्यांनी निरनिराळे तोडगे काढले आहेत. ‘डिस्को एलिसियम’मध्ये कौशल्याच्या परीक्षा पांढऱ्या आणि तांबड्या अशा दोन प्रकारच्या असतात; पांढरी हुकली तर कौशल्य वाढवून पुन्हा देता येते, तांबडी मात्र एकदाच, आणि बरेचदा हुकल्यावर जे घडते ते जमल्यावर घडणाऱ्यापेक्षा अधिक गमतीचे असते, त्यामुळे मागे फिरण्याची इच्छाच राहत नाही. ‘एस्केलॉन’ या मालेच्या २०१० च्या दुसऱ्या भागात सुरुवातीलाच भूक-तहान आणि हत्यारांची झीज असे जाच आपण होऊन अंगावर घेता येतात. हे मला आवडते, कारण जाच स्वतः मागून घेतला की तक्रारीला जागा उरत नाही.

‘एज ऑफ डेकेडन्स’ (२०१५) मात्र या बाबतीत निष्ठुर आहे. रोमन साम्राज्याची आठवण करून देणाऱ्या मोडकळीस आलेल्या जगात आपण भाडोत्री सैनिक, व्यापारी, मारेकरी असा एखादा पेशा घेऊन सुरुवात करतो, आणि पेशा बदलला की त्याच शहरातल्या घडामोडी वेगळ्या बाजूने दिसतात. मी पहिल्या खेपेला थोडे गुण तलवारीत आणि थोडे बोलण्यात घातले. परिणामी माझ्या माणसाला ना धड लढता आले ना धड बोलता आले आणि पहिल्याच शहरात एका बोळात त्याचा निकाल लागला. जुना सेव्ह उघडून उपयोग नव्हता, कारण चूक त्या बोळातली नव्हतीच. ती पात्र बनवतानाची होती. पुढच्या खेपेला मी निव्वळ बोलका व्यापारी घेतला आणि तलवार जवळजवळ न उपसता बराच पुढे गेलो. भाच्याला सांगा, दर फेकीला मागे फिरणारा माणूस हे कधीच शिकत नाही. पण मध्यरात्री वीज जाण्याच्या भीतीने केलेला सेव्ह क्षम्य आहे. सोलापुरात राहून एवढी सवलत हवीच.

प्रश्न : माझ्याकडे दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप आहे आणि खर्च करायचा नाही. काय खेळू?
— एक विद्यार्थी, सात रस्ता

उत्तर : ‘अल्टिमा ४’ (१९८५) जीओजी या खेळ विकणाऱ्या संकेतस्थळावर अधिकृतपणे विनामूल्य मिळतो. त्यात खलनायकाला मारायचे नसून आठ सद्गुण अंगी बाणवायचे असतात. आंधळ्या विक्रेतीला कमी पैसे दिले तर खेळ ते लक्षात ठेवतो. ‘नेटहॅक’ (१९८७) आणि ‘डंजन क्रॉल स्टोन सूप’ही फुकट आहेत आणि कोणत्याही यंत्रावर चालतात. चोरीच्या प्रती घेण्याचे कारणच नाही. पहिल्या आठवड्यात कंटाळा येईल, तो पत्करा.

प्रश्न : चादरीच्या कारखान्यात जकार्डची (मागावर विणायची) नक्षी ग्राफवर उतरवण्याचे काम मी तीस वर्षे केले. आता ते संगणकावर होते, त्यामुळे ग्राफचे कागद घरी पडून आहेत. माझी नववीतली मुलगी जुना ‘विझार्ड्री’ खेळताना त्या कागदांवर भुयारांचे नकाशे काढते. तिचे चौथ्या मजल्याचे माप काही केल्या जुळत नाही. मी पाहिले, तर तिने चौकटी भरलेल्याच नाहीत, नुसत्या रेघा ओढल्या आहेत. तिची रीत चुकते आहे का?
— एक वाचक, साखर पेठ

उत्तर : या सदराला आलेले हे सर्वांत आनंद देणारे पत्र आहे. आपल्या कन्येची रीत बरोबर आहे. जकार्डच्या ग्राफवर एक चौकट म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एक गाठभेट, त्यामुळे चौकट भरलेली असते किंवा कोरी. ‘विझार्ड्री’त भिंतीला जाडी नसते, ती दोन चौकटींच्या मधल्या रेघेवर उभी असते आणि चौकट ही पाय ठेवण्याची जागा असते. म्हणून रेघाच ओढायच्या. (फिनलंडच्या चौघांनी केलेल्या २०१२ च्या ‘लेजंड ऑफ ग्रिमरॉक’मध्ये मात्र भिंत अख्खी चौकट व्यापते आणि तिथे आपली भरण्याची पद्धत चालेल, स्वयंचलित नकाशा बंद करून खेळण्याची सोयही त्यात मुद्दाम ठेवली आहे.)

माप न जुळण्याची दोन कारणे संभवतात. प्रत्येक मजला वीस चौकटी लांब आणि वीस रुंद असतो, पण त्याला कडा नसते. पूर्वेकडून बाहेर पडणारा पश्चिमेकडून आत येतो. आपल्या भाषेत सांगायचे तर हा रिपीट आहे : चादरीच्या नक्षीची उजवी कड जशी डावीला मिळालीच पाहिजे, तसाच हा मजला. मुलीने एकविसावी चौकट नव्याने काढली असेल, तर ती खोडून पहिल्या रांगेत न्यावी लागेल. दुसरे कारण अधिक लबाड आहे. काही चौकटींवर पाय पडताच टोळीचे तोंड कसलीही सूचना न देता भलत्या दिशेला फिरते आणि पुढचा सगळा नकाशा काटकोनात वाकडा होतो. त्यावर ‘डुमापिक’ हा पहिल्या पातळीचा मंत्र आहे. तो म्हटला की टोळी जिन्यापासून किती पूर्वेला, किती उत्तरेला आहे आणि तिचे तोंड कुठे आहे हे कळते. शंका आली त्या प्रत्येक वळणावर तो वापरायला सांगा आणि नकाशा शिसपेन्सिलीनेच काढू द्या.

२०२४ मध्ये डिजिटल एक्लिप्स या कंपनीने याच खेळाची नवी आवृत्ती काढली असून तिच्यात नकाशा आपोआप उमटतो. ही गोष्ट मुलीला इतक्यात सांगू नका. दहाव्या मजल्यापर्यंत आपले कागद पुरतील का, तेवढे मोजून ठेवा.