कॉफी आरोग्यदायी पद्धतीने कशी प्यावी?

आपण लिहिले आहे की दिवसाला तीन-चार कप कॉफी होते, त्यातला एक संध्याकाळी असतो, आणि ही सवय सोडावी की तिची पद्धत बदलावी हे आपल्याला कळत नाही. निरोगी प्रौढ व्यक्तीने कॉफी सोडावी असे मला वाटत नाही. कपांच्या संख्येपेक्षा मी शेवटच्या कपाची वेळ अधिक महत्त्वाची मानतो.

आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि त्यामुळे झोप येऊ लागते. कॉफीतील कॅफीन त्याची जागा अडवते, त्यामुळे थकवा जाणवत नाही, पण तो नाहीसाही होत नाही. शरीरातील कॅफीन निम्म्यावर यायला साधारण ५ तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॅफीनपैकी जवळपास निम्मे रात्री अकरालाही शिल्लक असते. (गर्भारपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या घेत असताना हा काळ आणखी वाढतो.) अशी झोप लागली तरी गाढ लागत नाही, सकाळी अंग जड वाटते आणि मग पहिला कप आणखी कडक लागतो. म्हणून मी दुपारी दोननंतर कॉफी घेत नाही, आणि आपणही आधी संध्याकाळचाच कप बंद करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रमाणाबाबत युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम आणि गर्भवतींसाठी २०० मिलिग्रॅम कॅफीनपर्यंत चिंता नसल्याचे म्हटले आहे. इन्स्टंट कॉफीच्या कपात साधारण ६० मिलिग्रॅम कॅफीन असते, फिल्टर कॉफीच्या मोठ्या कपात ९० च्या आसपास. तेव्हा आपले तीन-चार कप मर्यादेत बसतात. साखरेचे मात्र तसे नाही. प्रत्येक कपात दोन चमचे साखर असेल तर चार कपांतून सुमारे ३२ ग्रॅम साखर पोटात जाते, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात २५ ग्रॅमच्या आत राहणे उत्तम मानते.

कोलेस्टेरॉल वाढलेले असेल तर कॉफी कागदी फिल्टरमधून गाळून घ्यावी, कारण कोलेस्टेरॉल वाढवणारे कॉफीतील कॅफेस्टॉल हे द्रव्य त्या कागदात अडकते. अन्नातील लोह नीट शोषले जावे म्हणून जेवण आणि कॉफी यांत तासाभराचे अंतर ठेवावे. थायरॉइडची गोळी कॉफीबरोबर घेऊ नये.

प्रमाण कमी करायचे असल्यास दर काही दिवसांनी अर्धा-अर्धा कप कमी करावा. एकदम सोडल्यास बहुधा दुसऱ्याच दिवशी डोके दुखू लागते.